अनिकेत म्हणजे कोण?

आज गीतेचा बारावा अध्याय, श्लोक १९. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतायत. त्यातला एक शब्द 'अनिकेत', म्हणजे ज्याला घर नाही तो.

लंडनला आल्यापासून हा शब्द मी फार सोयीने वापरला. आई विचारायची, "कधी येतोस रे?" मी म्हणायचो, "अगं, भक्ताला कुठलं आलंय घर!" ती हसायची, मग गप्प व्हायची. इथल्या घराचा हप्ता मात्र मी एकदाही चुकवलेला नाही, हे तिला कधी सांगितलं नाही.

परवा तुकोबारायांची पालखी आमच्या काटेवाडीत आली. इथे अजून सकाळ, हातात चहा, मोबाइलवर लाइव्ह. परीट समाजाने धोतरांच्या पायघड्या घातल्या. मग मेंढ्यांचं रिंगण! लहानपणी वाटायचं, यांना पालखीभोवती धावायला शिकवतं कोण? या वेळी लक्ष मेंढपाळांकडे गेलं. आपल्याकडचे कितीतरी धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. संसार घोड्यावर, मुक्काम कुणाच्या तरी रानात. खरे अनिकेत म्हणायचे तर हे. पण पावसाळ्याच्या तोंडावर ते गावाकडे वळतातच. मागे राहिलेली म्हातारी माणसं वाट बघत असतात.

मग पोथी परत उघडली. ही लक्षणं १३व्या श्लोकापासून सुरू होतात, आणि तिथे सुरुवातीलाच मैत्री आणि करुणा आहे. मी ते सगळं ओलांडून थेट १९वर उडी मारली होती! माउली तर ज्ञानेश्वरीत या भक्ताचं घर म्हणजे अवघं विश्व, असं सांगतात. त्या विश्वात काटेवाडी येत नाही का? लंडन तेवढं येतं?

कायमचं परत जावं, असं मी म्हणत नाही. तेवढी तयारी नाही माझी, खोटं कशाला बोलू. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, घर सोडून इथे आलेले आपण काही पहिले नाही. पण आईच्या प्रश्नाला श्लोकाने उत्तर देणं म्हणजे वैराग्य नव्हे, ती टाळाटाळ होती.

संध्याकाळी फोन लावला. दिवसभर वारकऱ्यांना भाकरी-पिठलं वाढून ती दमली होती. "तू बघितलंस का रे रिंगण?" म्हणाली. बघितलं म्हटलं. "मोबाइलमध्ये धुरळा कुठं दिसतोय," म्हणाली.

पुढच्या आषाढीच्या रजेचा अर्ज लिहायला घेतलाय. अजून पाठवलेला नाही.