पडलेलं लाकूड

माझ्याकडे एक चूल आहे. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, आकार दुधाच्या लहान किटलीएवढा. डोंगरात दोन-तीन दिवस एकट्याने भटकायला जायचं म्हणजे पाठीवरच्या सॅकमध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा हिशेब आदल्या रात्री चालतो. त्या हिशेबात ही चूल आल्यापासून गॅसचं डबडं सुटलं. २३० ग्रॅम गॅसचं डबडं पत्र्यासकट पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, शिवाय वर बसवायचा बर्नर वेगळा. चुलीला इंधन न्यावंच लागत नाही. ते वाटेवर पडलेलं असतं.

तिची रचना साधी आहे. दोन भिंतींचा पत्र्याचा डबा. तळाच्या भोकांतून हवा शिरते. थोडी थेट काटक्यांना मिळते, उरलेली दोन भिंतींमधल्या पोकळीतून तापत वर चढते आणि वरच्या कडेच्या भोकांतून आत येते. लाकूड तापलं की त्यातून जळण्याजोगे वायू निघतात. तीन दगडांच्या चुलीत त्यांतला बराच भाग न जळताच धूर होऊन जातो. इथे त्यांना गरम हवा मिळते आणि ते कडेशी पेटतात. नीट जमलं तर धूर जवळजवळ दिसत नाही आणि मागे मूठभर राख उरते. खाली दगड काळा होत नाही. मी निघून गेल्यावर इथे कुणी चहा केला होता हे कळू नये, याचा मला अभिमान वाटायचा.

अभिमानाला तत्त्वाचीही जोड होती. गॅस जमिनीखालून उपसलेला, रिकामी डबडी गडावरच्या टाक्यांत तरंगताना पाहिलेली. लाकडातला कार्बन मात्र कालपरवा हवेतूनच झाडात आलेला. आणि मी झाड तोडत नव्हतो. पडलेल्या, वाळलेल्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हाताने कटकन मोडणाऱ्या काटक्या तेवढ्या घेत होतो. यात कुणाचं काय जातं?

कुणाचं काय जातं, ते तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात कळलं. गडाचं नाव सांगत नाही, कारण त्यावरून खालची वाडी ओळखू येईल. दुपारी पठाराच्या अलीकडच्या झाडीत थांबलो होतो. वाटेपासून जरा आत, करवंदीच्या जाळीआड सुकी लाकडं दिसली. जाड, बारीक, सगळी एकाच दिशेने पडलेली. एका दिशेने का पडली असतील, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. मी बारीक बारीक ओंजळभर उचलली, एक जाडसर होतं ते पायाखाली घेऊन मोडलं आणि चूल पेटवली. पाण्याला आधण येतंय तोवर एक बाई वर आल्या. डोक्यावर नुसतीच चुंबळ, हातात कोयता. त्यांनी आधी जाळीकडे पाहिलं, मग चुलीकडे.

"ही लाकडं म्या ठिवली व्हती, भाऊ," त्या म्हणाल्या.

मी उठून उभा राहिलो. माफ करा मावशी, मला वाटलं पडलेली आहेत, असं काहीतरी बोललो.

"पडलेलीच की. मीच आणून पाडली." मग जरा हसल्या. "पेटलीत त्येला आता काय करायचं? च्या व्हऊ द्या."

चहा झाला. मावशी दगडावर टेकल्या. आठवड्यात दोनदा त्या लाकडाला येतात. एका दिवशी गोळा करून सुकायला ठेवायची, दुसऱ्या दिवशी मोळी बांधून न्यायची. पूर्वी वाडीमागच्या ओढ्यालाच भागायचं. आता शनिवार-रविवारी तंबू लागतात, रात्री शेकोट्या होतात, खालचं लाकूड संपतं आणि म्हणून वर यावं लागतं. घरी गॅस नाही का, मी विचारलं. आहे म्हणाल्या. सिलिंडर पावण्यांसाठी. शहरातून लोक येतात, त्यांना घाई असते, पोहे आणि चहा गॅसवर. घरच्या भाकरी चुलीवर.

थोडक्यात, मी त्यांच्या घरी जेवलो असतो तर माझं जेवण गॅसवर शिजलं असतं. तेच टाळून, हौस म्हणून, मी त्यांच्या भाकरीचं सरपण जाळत बसलो होतो.

माझ्या चुलीकडे त्यांनी कौतुकाने पाहिलं. धूर नाही हे लगेच त्यांच्या लक्षात आलं. जन्मभर धुरात बसलेल्या माणसाला ते आधी दिसतं. मग म्हणाल्या, "पन ह्याच्यावर तवा कसा ऱ्हानार?" राहत नाही. काठाला नीट बसतं ते माझं लिटरभराचं भांडं. भाकरीचा तवा ठेवला तर ज्वाळेला बाहेर यायला जागा उरत नाही आणि भाकरी थापून टाकताना सगळंच कलंडेल. १९८०च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम काढला होता. लाखो चुली बसल्या आणि त्यांतल्या पुष्कळ लवकरच पडून राहिल्या. कारणं बरीच होती, पण रांधणाऱ्या बाईला आधी विचारलं नाही हे एक होतंच. धूर जाळून टाकण्याची युक्ती ज्यांच्या फुप्फुसांना हवी होती त्यांच्या घरात ती रुजली नाही. ती माझ्या सॅकमध्ये खेळण्यासारखी आली.

घरी परतल्यावर मला ती जुनी जैन गोष्ट आठवत राहिली. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्यांवर येतो, चौथा घोसांवर, पाचवा नुसती पिकलेली फळं तोडू म्हणतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत तीच वेचून खाऊ. मनाच्या सहा रंगांची, म्हणजे लेश्यांची, ही गोष्ट आहे. पहिल्याची काळी, सहाव्याची शुभ्र. मी स्वतःला बिनदिक्कत सहावा समजत होतो. पण गोष्टीत एक गोष्ट गृहीत आहे: झाडाखाली त्या सहांशिवाय कुणी नाही. मागून सातवी व्यक्ती टोपली घेऊन आली, तर शुभ्र लेश्येचं काय होतं हे तिथे विचारलेलं नाही. सहाव्याचा विचार झाडापुरता निर्मळ आहे. माणसांपुरता निर्मळ असायला त्याला आजूबाजूला पाहावं लागेल.

पडलेल्या लाकडाचा मालक कोण, हा प्रश्न काही माझ्या चहापासून सुरू झालेला नाही. १८४१ साली जर्मनीतल्या ऱ्हाइन प्रांताच्या सभेत जंगलातून लाकूड उचलणाऱ्या गरिबांना चोर ठरवणाऱ्या कायद्यावर चर्चा झाली. त्यावर १८४२ साली चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. त्याचा एक मुद्दा असा की झाड तोडणं वेगळं आणि गळून पडलेलं वेचणं वेगळं. गळालेल्या लाकडाचा झाडाशी जिवंत संबंध संपलेला असतो, आणि रूढीने ते गरिबाचं आहे. आपल्याकडे २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासी आणि इतर परंपरागत वननिवासींना गौण वनोपजावर हक्क दिला, त्या यादीत मध, लाखेबरोबर झाडोरा आणि खुंटही येतात. दोन्हीकडे पडलेलं लाकूड कुणाचंच नाही असं कुणी म्हणत नाही. ते ज्याची गरज आहे त्याचं आहे, असं म्हणणं आहे. मला मात्र 'पडलेलं' या शब्दाचा अर्थ 'बेवारस' असा परस्पर लागला होता.

आता कुणी म्हणेल, मावशींनी ते रचून ठेवलं होतं म्हणून त्यांचं. रचलेलं सोडून खरोखर विखुरलेलं उचल, म्हणजे मिटलं. पण तसंही मिटत नाही. पावसाळ्यात भीमाशंकरच्या जंगलात अंधाऱ्या रात्री कुजक्या फांद्या आणि ओंडके हिरवट उजेडाने चमकतात. लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचा तो उजेड. मी तो एकदाच पाहिला आहे. विजेरी विझवून डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं, मग जमिनीवरची एक एक काडी दिसू लागते. दिवसा मी ज्याला इंधन म्हटलं असतं त्यात रात्री कुणीतरी राहत होतं. बुरशी, वाळवी, भुंग्यांच्या अळ्या, त्या खाणारे पक्षी, आणि शेवटी ज्या मातीवर ते झाड उभं होतं ती माती, यांची त्या फांदीवर मावशींच्याही आधीची नोंद आहे. मेलेलं लाकूड हा शब्दप्रयोगच माणसाच्या सोयीचा आहे.

मग घेतलं तर किती घेतलं, हे तरी मोजावं. लिटरभर पाणी साध्या तापमानापासून उकळेपर्यंत सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. किलोभर सुक्या लाकडात साडेतीन-पावणेचार हजार असतात, पण छोट्या चुलीत त्यांतला पाचवा हिस्सा भांड्याला लागला तरी खूप झालं. म्हणजे लिटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम. दोन वेळचा चहा, एक खिचडी आणि थोडं गरम पाणी धरून माझा दिवस अर्ध्या किलोत भागतो. मावशींची मोळी पंचवीस किलोची धरली तर तिचा पन्नासावा भाग. एवढ्याशा गोष्टीचा एवढा विचार कशाला?

हा युक्तिवाद मी स्वतःशी पुष्कळ दिवस केला. तो दोन ठिकाणी अडतो. एक तर मी एकटा नसतो. सुट्टीच्या रात्री पठारावर पन्नास तंबू असतात आणि प्रत्येक जण पन्नासावाच भाग घेतो. हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते पुरत नाही. समजा, मी खरोखर एकटाच असतो. तरीही दुसरी अडचण उरते. मी ते अर्धा किलो का घेतलं? पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून. ते ओझं नाहीसं झालं नव्हतं. माझ्या सॅकमधून उतरून ते एका बाईच्या वाटेत जाऊन पडलं होतं. पावपट का होईना, तिची चाल वाढली होती. हलकं चालण्याचा जो आनंद मला होत होता, त्याचं वजन दुसरीकडे मोजलं जात होतं आणि मला तो काटा दिसत नव्हता.

हे फक्त लाकडाच्या बाबतीत घडत नाही, हे नेपाळकडे पाहिलं की कळतं. १९७६ साली एव्हरेस्टच्या पायथ्याशी सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झालं. हळूहळू वाढणाऱ्या जुनिपरच्या झुडपांची लूट थांबावी म्हणून गिर्यारोहकांनी आपल्या स्वयंपाकाचं इंधन बरोबर आणावं असा नियम आला. नियम योग्यच होता. पण पाहुण्यांचं जेवण रॉकेलवर शिजत असताना त्यांचं सामान वाहणारे हमाल रात्री ऊब आणि जेवणासाठी लाकूडच जाळत राहिले, कारण त्यांच्या रॉकेलचा विचार पुष्कळांनी केलाच नव्हता. तंबूपुरती स्वच्छता झाली. शेकोटी दहा पावलं पलीकडे गेली.

म्हणून 'लाकूड की गॅस' हा प्रश्न मला आता पूर्वीइतका महत्त्वाचा वाटत नाही. गॅस घेतला तरी त्याचा भार कुणीतरी, कुठेतरी उचलतंच, फक्त ते ठिकाण इतकं दूर असतं की तिथून कुणी चुंबळ घेऊन वर येत नाही. लाकडाच्या चुलीचा एक गुण आहे. तिच्यात आपण काय जाळतो ते काडी काडी दिसतं. ज्याची ती काडी होती, तो माणूस समोर येण्याची शक्यता असते. ही शक्यता गैरसोयीची आहे, पण मला ती हवी आहे.

मी चूल टाकून दिली नाही. काही गोष्टी मात्र ठरवल्या. अभयारण्यात आणि फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत कुठेच ती पेटवायची नाही. गवत सुकलेलं असतं आणि एका ठिणगीने उठलेला वणवा कुणाच्या शुभ्र लेश्येला विचारत नाही. पावसाळ्यात लाकूड ओलं. उरले तीन-चार महिने. त्यात लाकूड डोंगरावरून घ्यायचं नाही, खालून न्यायचं. वाडीत विकत घेतलं तर घरच्या सरपणाला भाव येतो आणि उद्या कुणी त्यासाठी ओलं झाड तोडेल, हीही धास्ती आहेच. म्हणून मी पुण्यातल्या वखारीतून दोन किलो बाभळीच्या ढलप्या घेतो, त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे करतो आणि पाठीवर नेतो. चुलीमुळे वाचलेल्या वजनाच्या कितीतरी पट वजन चुलीमुळे वाढलं. बरोबरच्या भटक्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही. वखारीतली बाभूळही कुणाच्या तरी बांधावरची असते. निदान तिची किंमत कुणीतरी सांगितली आणि मी ती दिली, एवढंच.

गेल्या डिसेंबरात पुन्हा त्याच वाटेने गेलो. मावशी वाडीतच भेटल्या, अंगणात तूर झोडत होत्या. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही, पण चूल काढल्यावर ओळखली. सॅकमधून ढलप्यांची पिशवी निघाली तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारून दाखवली.

"ह्ये बघ, डोंगरावर लाकडं घेऊन आलाय ह्यो."

दोघी पोटभर हसल्या. मग मावशींनी एक तुकडा हातात घेऊन वजन पाहिलं, नखाने खरवडला.

"बाभळीचं हाय. इस्तू चांगला धरतंय," म्हणाल्या आणि तो परत पिशवीत टाकला. चहा त्यांनीच केला, आत, गॅसवर. मी म्हटलं, चुलीवर केलात तरी चालेल. त्या म्हणाल्या, "पावन्यांना गॅसवरच."