आम्ही की आपण

बंगळूरला आम्ही पाचजण रविवारी चहाला जमतो, हौसेनं केलेले कन्नड-मराठी अनुवाद वाचतो. एका निवृत्त इंजिनियर काकांच्या कथेला मी तीन रविवार नुसतं ‘छान’ म्हटलं. कन्नड ‘नावु’साठी मराठीत ‘आम्ही’ही आहे, ‘आपण’ही. काकांनी सासूच्या तोंडी सगळीकडे ‘आम्ही’ घातलं आणि सून घराबाहेर पडली. दुखावतील म्हणून गप्प बसले? छे, हौशी माणसाला काय सांगायचं, असंच मनात होतं. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये (1925) रविकिरण मंडळाच्या कवींची टर उडवली, पण तीही बारकाईनं वाचूनच. शेवटी विचारलं, “काका, इथे सासू सुनेला धरून बोलतेय का?”

त्यांनी चष्मा काढला. “मग तीन रविवार का बोलली नाहीस?”