थंडीच्या नावाने खडे फोडू नका

पुरे झालं आता. दर वेळी तेच रडगाणं, ‘बाई, ओटावात पीठच आंबत नाही.’ अरे, जानेवारीत बाहेर उणे वीस असेल, पण तुम्ही पातेलं रिडो कालव्यावर नेऊन ठेवता का? घरात हीटर एकवीसवर आहे. याच शहरात तमिळ आणि कन्नड घरांतून ऐन हिवाळ्यात जाळीदार डोसे उतरतात. त्यांच्या खिडकीबाहेर काय आंब्याला मोहोर आलेला असतो? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पीठ नीट आंबायला तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. मुंबईच्या मे महिन्यात ती फुकट मिळते, म्हणून आईचं पीठ रात्रीत वर येतं. तुम्ही आईचे आठ तास तेवढे उचललेत. इथे अठरा-वीस लागतील, कधी त्याहून जास्त. घड्याळ कसलं बघता, पीठ बघा. फुगलंय का, बुडबुडे आलेत का, आंबूस वास सुटलाय का. ओव्हन बंद ठेवून आतला नुसता दिवा लावला तरी बरीच ऊब मिळते. मात्र दारावर चिठ्ठी चिकटवा. आत पातेलं आहे हे विसरून पिझ्झासाठी ओव्हन पेटवणारे महाभाग तुमच्यातच आहेत. नाव घेत नाही.

आणि ते यीस्ट घालायला कुणी सांगितलं? पीठ आंबवणारे जीवाणू डाळ-तांदळाबरोबरच घरात येतात. त्यातल्या एका मुख्य जीवाणूचं नाव ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स. दिवसभर प्रयोगशाळेत बसणाऱ्यांना हे मी सांगायचं? या जीवाणूंनी सोडलेला वायू उडदाचा चिकटपणा धरून ठेवतो. म्हणून डाळ वेगळी भिजवायची, वेगळी वाटायची, गार पाण्याचा हबका देत, हलकी फुलेपर्यंत. तुम्ही डाळ-तांदूळ एकदमच ब्लेंडरमध्ये कोंबता आणि भांडं तापलं की ‘झालं’ म्हणता. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी. तांदूळ इडलीचा किंवा उकडा. बासमती पुलावासाठी राहू द्या.

तव्याबद्दल तर बोलायलाच नको. धूर निघेपर्यंत तापवायचा, वर तेलाचं तळं करायचं, आणि मग स्टुलावर चढून धुराच्या अलार्मखाली टॉवेल हलवायचा! तवा फार तापला की पीठ पळीलाच चिकटून वर येतं. तेल जास्त झालं की पीठ घसरतं, पसरत नाही. विजेच्या शेगडीवरचा तवा लवकर निवत नाही, तेव्हा प्रत्येक डोशाआधी पाणी शिंपडा, ते चर्रर्र करून उडालं की फडक्याने पुसा, अर्ध्या कांद्याने तेलाचा नुसता हात फिरवा. पीठ मधोमध ओता आणि पळीचं बूड टेकवत, दाब न देता, झरझर बाहेर फिरवत न्या. फ्रिजमधलं गारढोण पीठ तसंच तव्यावर घातलंत तर जाड थालीपीठच होणार.

एवढाही धीर नसेल तर घावन करा ना! कोकणातली माणसं तुम्ही, आणि तयार पिठाची पाकिटं आणता? लाज कशी वाटत नाही? तांदूळ चार-पाच तास भिजवा, गंधासारखे बारीक वाटा, मीठ घाला, ताकाइतकं पातळ करा. आंबवायची भानगडच नाही. पीठ पळीने पसरायचं नाही, कडेकडेने ओतत आत यायचं आणि झाकण ठेवायचं. दर घावनाआधी पीठ तळापासून ढवळा. तांदूळ खाली बसतो आणि वर नुसतं पाणी उरतं. तुमचे घावन तुटतात ते त्यामुळे, कॅनडामुळे नव्हे.

शनिवारी सकाळी मी येते आहे. डाळ-तांदूळ गुरुवारी रात्री भिजत पडले पाहिजेत, शुक्रवारी सकाळी वाटून झाले पाहिजेत. तवा घासून ठेवा, चटणीचा नारळ मी आणते. आणि ओट्यावर पाकीट दिसलं तर दारातूनच परत जाईन.