पाणी चढत असताना

वादळ किनाऱ्यावर आदळलं की त्याची बातमी होते. समुद्र चढत असतो तेव्हा होत नाही. न्यूयॉर्कच्या बंदरात शंभर वर्षांत पाणी सुमारे फूटभर चढलं, पण कुठल्याही एका दिवशी ते चढलेलं कुणाला दिसलं नाही. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री 'सँडी' वादळाचं पाणी शहरात घुसलं, भुयारी रेल्वेचे बोगदे भरले, मॅनहॅटनचा दक्षिण भाग अंधारात गेला. त्या फूटभर पाण्याचा हिशेब तेव्हा कुठे लागला.

नाटकाचीही अडचण हीच आहे. त्याला समोरासमोर उभी ठाकलेली माणसं लागतात, निर्णयाचा क्षण लागतो. साचत जाणाऱ्या संकटाकडे यातलं काहीच नसतं. अशा संकटासाठी मंचावर वेगळा घाट हवा, आणि एकट्या माणसाचं बोलणं व संगीत यांच्या जोडीत तो मिळतो, असं मला ठामपणे वाटतं. निवेदन आणि संगीत दोन्ही करणाऱ्या अमेरिकी कलाकार लॉरी अँडरसन आणि 'क्रोनोस क्वार्टेट' ही तंतुवाद्यांची चौकडी यांचा २०१३ मध्ये रंगमंचावर आलेला 'लँडफॉल' हा प्रयोग त्याची साक्ष देतो.

ही रचना पुरी होत आली असतानाच सँडी न्यूयॉर्कवर आलं. त्यामुळे वादळ हा तिचा एकमेव विषय नाही. ते इतर गोष्टींमधून धाग्यासारखं जातं. स्वप्नं, आकाशगंगा, नामशेष झालेल्या प्राण्यांची यादी हे सगळं चालू असतं आणि मधेच पाणी येतं. संकट येतं ते असंच, आपण दुसऱ्याच कशात तरी गुंतलेलो असताना. वादक वाजवतात त्या स्वरांसरशी पडद्यावर शब्द उमटतात, कधी इतक्या वेगानं की वाचून होत नाहीत. इशारे डोळ्यांसमोर असूनही हाती लागत नाहीत, ही अवस्था प्रेक्षक तिथे स्वतः भोगतो. नुसत्या आकडेवारीनं हे साधत नाही. आकडा एका क्षणात कळतो आणि तिथेच संपतो. संगीताला मात्र वेळ द्यावाच लागतो. व्हायोलिनचा एक स्वर दाट होत जाताना ऐकणाऱ्याला बसून राहावं लागतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. संगीत विनाशालाही सुंदर करून टाकतं. मग आपण हळहळतो की नुसते रमतो? अँडरसन हा प्रश्न टाळत नाहीत. सँडीनंतर त्यांच्या तळघरात जुने कीबोर्ड, प्रोजेक्टर, कागदपत्रं पाण्यावर तरंगत होती. ते दृश्य आपल्याला सुंदरही वाटलं, हे त्यांनी निवेदनात लपवलेलं नाही. ही कबुली मला महत्त्वाची वाटते, कारण याच मोहामुळे आपण बघत राहतो आणि हात हलवत नाही.

तरी या प्रयोगाची एक मर्यादा मला खटकते. कुणाचं काय गेलं हे तो सांगतो, पण हे कुणाच्या निर्णयांनी झालं हे फारसं विचारत नाही. ते विचारण्याची रीत मराठीकडे आहे. कीर्तनातही एकच माणूस बोलतो, गातो, साथीला टाळ-मृदंग असतो. पूर्वरंगात विचार मांडायचा आणि उत्तररंगात आख्यान लावायचं, ही नारदीय कीर्तनाची बांधणी. गाडगेबाबा तर समोरच्या गर्दीला प्रश्न विचारून तिच्याकडूनच उत्तर वदवून घेत.

ही रीत मुंबईच्या पुराला लावून पाहू. २६ जुलै २००५ म्हटलं की मुंबईला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. पण त्या दिवसाची तयारी कित्येक वर्षं चालू होती. मिठी नदी आवळली गेली, तिच्यावरून विमानतळाची धावपट्टी गेली, मुखाजवळच्या खारफुटीवर भराव पडला. हे आख्यान पावसापासून सुरू करून चालणार नाही. पहिल्या भरावापासून सुरू करावं लागेल, आणि प्रत्येक टप्प्यावर विचारावं लागेल की सही कुणाची, फायदा कुणाचा, गप्प कोण बसलं.

असा प्रयोग मराठी रंगभूमीनं उभा करावा. संकट ओसरल्यावर रडवणारी नाटकं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पाणी चढत असतानाच प्रेक्षकाला प्रश्न विचारणारं काही हवं आहे, कारण उत्तराचा उपयोग तेव्हाच असतो.