नावेतून दिसणारी झाडे

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात न चालणाऱ्या सूर्याचे चालणे सांगणारी एक ओवी आहे. ती मोबाइलवर नेहमी फिरते आणि तिच्याखाली दावा असतो: कोपर्निकसच्या अडीचशे वर्षे आधी नेवाशात सूर्य स्थिर असल्याचा शोध लागला होता. अहिल्यानगर जिल्ह्याचा अभिमान समजण्यासारखा आहे. पण हा दावा ज्ञानदेवांच्या पदरात त्यांनी न केलेले काम टाकतो आणि केलेले काम झाकतो.

सूर्याला स्थिर मानणारा पहिला ज्ञात ज्योतिर्विद म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला सामोसचा अ‍ॅरिस्टार्कस. त्याची कल्पना आर्किमिडीजने नोंदवली. स्टोइक तत्त्वज्ञ क्लिअँथिसला मात्र त्यात अधर्म दिसला. विश्वाची चूल, म्हणजे पृथ्वी, जागची हलवल्याबद्दल अ‍ॅरिस्टार्कसवर ग्रीकांनी खटला भरावा, असे क्लिअँथिसचे म्हणणे प्लूटार्कने सांगितले आहे. पृथ्वीला हलवायचे तर असा विरोध अंगावर घ्यावा लागे.

आर्यभटानेही तो घेतला. इ.स. 499च्या ‘आर्यभटीया’त पृथ्वीची दैनिक गती समजावताना त्याने नावेचा दाखला दिला: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. वराहमिहिराने विचारले, पृथ्वी फिरते तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परततात कसे? ब्रह्मगुप्तानेही आक्षेप घेतले. पुढच्या काही टीकाकारांनी तर आर्यभटाच्या वचनाचा अर्थच फिरवला.

नाव पुढे वेदान्तात भेटते. गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकावर, म्हणजे कर्मात अकर्म पाहणाऱ्यावर लिहिताना, शंकराचार्य नावेतून उलट दिशेने जाताना दिसणाऱ्या तीरावरच्या झाडांचे उदाहरण देतात. येथे प्रश्न आकाशाचा उरलेला नाही. न करणाऱ्या आत्म्यावर माणूस कर्तेपण कसे लादतो, हे त्यांना दाखवायचे आहे. भाष्यकाराला वाट विचारत चालल्याचे ज्ञानदेव स्वतःच सांगतात. तेव्हा नाव त्यांच्याकडे कोणत्या घाटावरून आली हे शोधायला दूर जावे लागत नाही.

त्यांनी तिचे काय केले, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. त्याच श्लोकावर ते ओळीने तीन दृष्टान्त देतात. पाण्याशी उभा असलेला माणूस आपले प्रतिबिंब पाहतो, तरी आपण वेगळे आहोत हे ओळखतो. नावेतला माणूस झाडे वेगाने जाताना पाहतो आणि नीट पाहिल्यावर ती अचल असल्याचे जाणतो. मग येतो सूर्य. पहिल्या दोन्ही दृष्टान्तांत ज्ञानी पाहणारा आहे; तिसऱ्यात तो पाहिला जाणारा झाला आहे. जगाला त्याचा उदय-अस्त दिसतो, म्हणजे त्याची कर्मे दिसतात, आणि तो जागचा हललेला नसतो. पुढच्याच ओवीत तो माणसासारखा दिसतो तरी माणूसपण त्याला चिकटत नाही, असे येते. दृष्टिभ्रमाचा दाखला भाष्यात चुकणाऱ्याची चूक दाखवत होता. ज्ञानदेवांनी तो मुक्त माणसाचे जगातले वावरणे दाखवण्याकडे वळवला. वळण आहे ते येथे, आणि ते विलक्षण आहे.

ओवी सुटी करून फिरवली की हे सारे हरवते. पृथ्वी फिरते असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही. सूर्याला खरा उदय-अस्त नाही, हे तर ऐतरेय ब्राह्मण आणि विष्णुपुराण यांनी आधीच सांगितले होते, तेही पृथ्वी न हलवता.

यादवकाळातले खगोलशास्त्र पाहायचे तर चाळीसगावजवळच्या पाटणला जावे. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. त्या ग्रंथांतल्या 1150च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वी स्वभावतःच अचल आहे. 1290मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, तेव्हा यादवांच्या राज्यात शिकवले जाणारे ज्योतिष हे होते.

कोपर्निकसच्या 1543च्या ग्रंथातही नाव आहे. बंदर सोडणाऱ्या जहाजावरून जमीन आणि नगरे मागे सरताना दिसतात, ही रोमन कवी व्हर्जिलची ओळ त्याने पृथ्वीच्या गतीचा युक्तिवाद मांडताना उद्धृत केली. म्हणून सूर्यकेंद्री सिद्धान्त व्हर्जिलच्या नावावर कोणी मांडत नाही, आणि त्यामुळे व्हर्जिलचे काव्य तसूभरही उणे झालेले नाही.