लेप्टोसायन कोणाचं कर्म भोगत होता?

दारातल्या कुत्र्याला भाकरी घालताना आमची आई हमखास म्हणायची, "भोग आहेत बाबा तुझे, फेड." मी पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि तिच्या त्या बोलण्यापाशी मला अडवलं ते लेप्टोसायन या श्वानकुळातल्या नामशेष प्राण्याने.

अमेरिकेतल्या नेब्रास्कात, नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात मिळालेल्या त्याच्या अवशेषांचं वर्णन जोसेफ लायडी यांनी 1858 मध्ये केलं. लेप्टोसायन हे नाव मॅथ्यू यांनी 1918 मध्ये दिलं. अंगाने हा लहानशा कोल्ह्याएवढा. वर्गात मी गावठी कुत्र्याची कवटी मुलांच्या हातात द्यायचो: सुळ्यामागे उपदाढा, मग मांस कातरणारी मोठी दाढ. लेप्टोसायनचा जबडा त्याहून कितीतरी बारीक आणि निमुळता, उपदाढा अरुंद, त्यांच्यामध्ये फटी. लहानसहान भक्ष्य चटकन पकडणारं ते तोंड. त्याच माळांवर पुढे हाडं फोडणारे दांडगे बोरोफेगस हे श्वान आले. तरीही हे घराणं 2 कोटी वर्षांहून जास्त टिकलं, आणि आजचे लांडगे, कोल्हे, कुत्री त्याच्याच वंशातली.

लेप्टोसायनच्या काळी पृथ्वीवर माणूस कुठेच नव्हता. नवं कर्म घडतं ते नरदेहात, पशूंच्या त्या भोगयोनी, असं आपण ऐकत आलो. मग याच्या वाट्याचं पाप केलं कोणी? सृष्टी अनादि आहे, ते मागच्या कल्पातलं, असं शास्त्री सांगतात. तर्काला ते धरून आहे. पण मला पटत नाही, कारण मग त्याचं धावणं, हुंगणं, पिल्लं वाढवणं हा सगळा नुसता तुरुंगवास ठरतो.

प्राणिशास्त्रातही कधीकधी असंच बोललं जातं, की तो पुढच्या कुत्र्यांची पूर्वतयारी होता. तो कशाचीच तयारी नव्हता. भूक लागली की शिकार, पोट भरलं की झोप. लांडगा व्हायचं त्याच्या गावीही नव्हतं.

सर्वांभूती परमेश्वर म्हणायचं, तर तो त्या बारक्या जिवातही पुरताच असला पाहिजे. दत्ताच्या पायाशी वेद कुत्र्यांच्या रूपात बसतात असं मानणाऱ्या परंपरेने त्याच रूपाला शिक्षा का म्हणावं? नरदेह दुर्लभ, हे संतवचन मी शिरसावंद्य मानतो. नाम याच मुखी येतं. पण म्हणून बाकीच्या योनी म्हणजे प्रायश्चित्त, हे त्यातून निघत नाही.