लाच देणाऱ्याचा दोष

एरंडोलासारख्या गावीं कोणी गृहस्थ नियमाप्रमाणें घर बांधितो. परंतु तपासणीस येणारा अंमलदार चिरीमिरीवांचून दाखला देत नाहीं. तेव्हां गृहस्थ म्हणतो, "आमचें काम खरें आहे, हक्काचीच वस्तु मिळविण्यास पैसे दिले, तर त्यांत दोष कोणता?" वाचकहो, आपण याचा विचार करूं.

दाखला ही घरधन्याची खासगी मिळकत नव्हे. त्या छपराखालीं जे निजतील, त्या सर्वांस दिलेली ती साक्ष आहे. खरी साक्ष विकत घेण्याची चाल पडली, म्हणजे खोटी साक्षही त्याच बाजारांत मिळूं लागते. सन 2013 च्या एप्रिलांत मुंब्र्याजवळ बेकायदा इमारत कोसळून 74 माणसें मेलीं. तेव्हां लाचेच्या आरोपावरून महापालिकेचे अधिकारीही धरले गेले.

सन 2018 पासून कायद्यानें लाच देणाराही 7 वर्षांपर्यंत कैदेस पात्र आहे. मात्र ज्यास बळेंच द्यावी लागली, त्यानें 7 दिवसांचे आंत वर्दी दिल्यास तो सुटतो. यांत निर्बळाची कींव आहे, पण मौनास आश्रय नाहीं. थांबण्यानें अर्धवट भिंती पावसांत भिजतील, हें खरें. तथापि भिजलेली भिंत पुन्हा उभारतां येते, विकलेली साक्ष परत घेतां येत नाहीं.